दारे उतरवण्यापूर्वी : स्वयंपाकघरातील जुन्या कपाटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातील कपाटे प्लायवुडची असून त्यांवर सनमायका लावलेला आहे. सांगाडा मजबूत आहे, पण दारे कळकट आणि निस्तेज दिसतात. सनमायकावर रंग टिकत नाही, त्यामुळे सगळेच नव्याने करावे लागेल, असे सुताराचे म्हणणे आहे. घरच्या घरी रंगवणे खरोखरच शक्य नाही का?

उत्तर : शक्य आहे. मात्र सुताराचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सनमायका म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून बनवलेला पत्रा. त्याच्या पृष्ठभागाला छिद्रे नसतात, त्यामुळे लाकडात मुरतो तसा रंग त्यात मुरत नाही, नुसता वर चिकटून राहतो. म्हणूनच या कामात रंगापेक्षा पूर्वतयारीला महत्त्व अधिक, आणि बहुतेकांचे काम फसते तेही तिथेच.

आधी प्रत्येक दारावर बोटाने टकटक करून पाहावे. जिथे पोकळ आवाज येईल तिथे सनमायका सुटलेला असतो. कडा उचलली गेली असेल, तर आतली धूळ काढून दोन्ही बाजूंना रबर सोल्यूशनचा पातळ हात द्यावा, ते बोटाला चिकटेनासे झाले की दाबून बसवावे. त्यानंतर दारे उतरवावीत. उतरवताना प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खोबणीत क्रमांक लिहून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि तोच क्रमांक कपाटाच्या आत लिहावा. हे टाळले, तर सारखी दिसणारी दारे परत बसवताना एकही जागच्या जागी बसत नाही.

मग धुणे. फोडणीच्या वाफेबरोबर उडालेले तेल वर्षानुवर्षे साचून त्याचा पिवळसर थर झालेला असतो आणि हँडलच्या भोवती त्यात हाताच्या तेलकटपणाची भर पडते. कोमट पाण्यात भांड्यांचा द्रवसाबण घालून दारे धुवावीत. चिवट भागासाठी धुण्याचा सोडा वापरता येतो, परंतु नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घेणे आवश्यक आहे, कारण सोड्याचा अंशही रंगाची पकड बिघडवतो. दार वाळल्यावर स्वच्छ पांढरे फडके ओले करून घट्ट घासावे. फडक्यावर पिवळी झाक आली तर पुन्हा धुवावे. पूर्वी सिलिकॉन असलेले चकाकीचे स्प्रे वापरले असतील, तर विशेष काळजी घ्यावी, कारण तसल्या जागी रंग फाटून त्यात गोल खळगे पडतात.

यानंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सर्वत्र हलके घासावे. चकाकी मारणे एवढाच येथे उद्देश असतो. जोर लावून घासल्यास नक्षीचा थर निघतो आणि खालचा तपकिरी कागद दिसू लागतो. धूळ पुसून गुळगुळीत पृष्ठभागांसाठीच बनवलेला बाँडिंग प्रायमर लावावा. भिंतीचा प्रायमर येथे उपयोगाचा नाही आणि पैसे वाचवण्याची ही जागाही नव्हे. आधी एका दाराच्या आतल्या कोपऱ्यात प्रायमर लावून दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी; प्रायमर पट्टीबरोबर निघून आला तर घासणे किंवा धुणे अपुरे आहे असे समजावे.

वरचा रंग पाण्यावर आधारित इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) प्रकारचा असावा. तेलावर आधारित पांढरा इनॅमल काही काळाने पिवळा पडतो, विशेषतः जिथे उजेड कमी असतो तिथे. दारे आडवी ठेवून फोमच्या छोट्या रोलरने पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले. दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला तर फिनिश एकसारखा येतो. रंग काही तासांत वाळल्यासारखा वाटतो, पण त्याला पूर्ण कडकपणा येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात साबणाने धुऊ नये आणि दार चौकटीला चिकटू नये म्हणून कोपऱ्यात रबरी बटणे लावावीत. कपाटांच्या आतल्या बाजू रंगवण्याच्या फंदात पडू नये असे माझे मत आहे. तिथे नीट धुणे पुरेसे होते आणि निम्मा रंग व निम्मी मेहनत वाचते.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. कपाटांवर चिकटणारी विनाइलची फिल्म लावणे योग्य ठरेल का? घर सोडताना ती काढता आली पाहिजे.

उत्तर : सपाट दारांसाठी हा पर्याय चांगला आहे. नक्षी किंवा खाचा असलेल्या दारांवर मात्र ती खोलगट भागातून काही दिवसांत सुटू लागते. शेगडीलगतच्या आणि शेगडीवरच्या दारांना ती लावूच नये, कारण उष्णतेने गोंद मऊ होतो आणि कडा गुंडाळल्या जातात.

हँडल काढून, दार तेलकटपणा जाईपर्यंत पुसून, फिल्म चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जास्त कापावी. मागचा कागद एकदम न काढता वरून वीतभर सोलावा, कापडाच्या घडीने मधून कडेकडे दाबत न्यावे आणि मग पुढचा कागद सोलावा. राहिलेला बुडबुडा सुईने टोचून दाबला की बसतो. कोपऱ्यावर फिल्म ताणण्यापूर्वी हेअर ड्रायरने थोडी ऊब द्यावी. काढतानाही तीच युक्ती कामी येते : ऊब देत, तिरक्या दिशेने, सावकाश ओढावी. मागे राहिलेला गोंद खाद्यतेलाचा हात लावून मऊ करता येतो. दारांना आधीपासून रंग असेल, तर फिल्मबरोबर तोही निघू शकतो. म्हणून एखाद्या आडोशाच्या जागी तुकडा लावून आठवड्याने काढून पाहावा. आणि घरमालकांची परवानगी लेखी घ्यावी.

प्रश्न : दारे एका रेषेत राहिलेली नाहीत, काही लोंबकळतात. हँडलही जुनाट दिसतात. रंगाच्या फंदात न पडता काही करता येईल का?

उत्तर : माझ्या मते कमीत कमी खर्चात सर्वाधिक फरक याच कामाने पडतो. हल्लीच्या बहुतेक कपाटांना ३५ मिलिमीटर व्यासाच्या वाटीची आत बसणारी बिजागरी असते. दार उघडल्यावर तिच्या दांडीवर साधारणपणे दोन स्क्रू दिसतात. दाराकडच्या स्क्रूने दार डावी-उजवीकडे सरकते. मागच्या स्क्रूने ते चौकटीच्या जवळ किंवा दूर जाते. वर-खाली करण्यासाठी कपाटाच्या बाजूला असलेल्या पट्टीचे स्क्रू किंचित सैल करावे लागतात, आणि त्या वेळी दार खालून कोणीतरी धरून ठेवणे बरे. एका वेळी पाव फेराच द्यावा, दोन्ही बिजागऱ्यांना सारखा द्यावा आणि दार लावून पाहावे.

स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल, तर भोक मोठे झाले आहे. गुल काढलेल्या आगकाड्यांना सुतारकामाचा पांढरा गोंद लावून त्या भोकात ठासून भराव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, बाहेरचा भाग कटरने सपाट कापावा आणि मग स्क्रू बसवावा. लांब स्क्रू घेण्याचा मोह होतो, पण तो दाराच्या जाडीपेक्षा लांब निघाला तर पुढून टोक बाहेर येते.

हँडल घेण्यापूर्वी जुन्या हँडलच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून घ्यावे. ते बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असते, म्हणजे ३२ च्या पटीत. त्याच अंतराचे हँडल घेतल्यास ड्रिलची गरजच उरत नाही. वेगळे अंतर हवेच असेल, तर जुनी भोके झाकेल अशी मागची पट्टी असलेले हँडल पाहावे, कारण सनमायकावर बुजवलेले भोक कधीच पूर्ण लपत नाही.

प्रश्न : सिंकखालच्या पार्टिकल बोर्डच्या कपाटाचा तळ फुगला आहे. घासून रंगवला तर चालेल का?

उत्तर : नाही. पाणी शिरल्यावर लाकडाचा भुसा फुगतो आणि त्याला धरून ठेवणारा गोंद तुटतो. वाळल्यावर तो पूर्ववत होत नाही. प्रथम गळती शोधून बंद करावी. नंतर तेवढीच फळी काढून त्या मापाची नवी बसवावी आणि तिच्या चारही कडा रंगाने किंवा एज बँडने (कडेवर चिकटवायच्या पट्टीने) बंद कराव्यात, कारण पाणी बहुतांशी उघड्या कडेतूनच शिरते.

प्रश्न : घर फार जुने आहे. कपाटांवर रंगाचे अनेक थर आहेत आणि ते घासून काढण्याचा विचार आहे.

उत्तर : थांबावे. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि ते कोरडे घासल्यास त्याची धूळ लहान मुलांना व गर्भवतींना विशेष घातक ठरते. आधी तपासणी करून घ्यावी. थर घट्ट असतील, तर न घासता नुसते धुऊन वरून प्रायमर लावणे हा सुरक्षित मार्ग आहे.

प्रश्न : आमची दारे खऱ्या लाकडाची आहेत, पण काळवंडली आहेत. पांढरा रंग द्यावा का?

उत्तर : मी देणार नाही. पुष्कळदा काळेपणा लाकडाचा नसून वर साचलेल्या मळाचा असतो. सौम्य साबणाने पिळून काढलेल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर अगदी बारीक स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवून पाहावे. जुने पॉलिश उडाले असेल, तर जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरतो. वर उरलेले तेल थोड्या वेळाने पुसून काढावे. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाकावीत.