जॉर्जियन घराची दर्शनी भिंत कशी पाहावी

लंडनमधल्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या (साधारण 1714 ते 1830), रांगघराचा काळ ओळखायचा तर आधी खिडकीची चौकट बघा. 1709च्या कायद्याने ती भिंतीच्या दर्शनी बाजूपासून 4 इंच आत गेली. 1774च्या कायद्यानंतर सरकत्या खिडकीची पेटीही, म्हणजे तिची वजनं ज्यात लपलेली असतात ती चौकट, विटांमागे दडली. एवढ्यावरून साल मात्र ठरवू नका, खिडक्या पुढे बदलल्याही जात.

खरी काळजी भिंतीची. बाहेर उंची वीट, आत स्वस्त वीट, आणि दोन्ही थर सांधायच्या आडव्या विटा बऱ्याचदा अर्ध्या तोडून लावलेल्या. म्हणून बाहेरचा थर सुटून फुगतो. ओळंबा लावून तपासाच. दरजा भरायला सिमेंट अजिबात नको. ओल सांध्यातून बाहेर पडत नाही, विटेत अडकते, थंडीत गोठते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुन्याचाच माल वापरा.