गतिरोधकापाशी दुसरा की पहिला?

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. गेल्या दिवाळीनंतर गाडी चालवायला शिकले. आमची पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची लहान गाडी आहे. गतिरोधक किंवा चौक जवळ आला की मी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येते, आणि क्लच सोडताक्षणी गाडीला असा हिसका बसतो की मागे बसलेल्या सासूबाई घाबरतात. शिकवणाऱ्या सरांनी सांगितले होते की वेग कमी करताना पाच, चार, तीन, दोन असे एकेक गिअर उतरलेच पाहिजेत. यजमान म्हणतात की एवढा खटाटोप कशाला, क्लच दाबून धर आणि गाडी ब्रेकवर ने. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : ताई, आपल्याला बसणाऱ्या हिसक्याचे कारण एकदा समजले की या दोन्ही सल्ल्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे हे आपले आपल्यालाच ठरवता येईल, म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो.

आपल्यासारख्या लहान गाड्यांत पहिल्या गिअरचे गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्सबाहेरचा शाफ्ट एकदा फिरताना इंजिन घेते ते फेरे, साधारण ३.५, दुसऱ्याचे १.९ आणि तिसऱ्याचे १.३ असते, त्यापुढे चाकांपर्यंत जाताना आणखी सुमारे ४.३ पटींचा फरक पडतो. चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ९८० फेरे घेते, दुसऱ्यात १,४३० आणि पहिल्यात २,६४०. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, हेच इंजिन सुमारे ८०० फेऱ्यांवर चालते. आता आपण काय करता ते पाहा. आपण क्लच दाबता, त्यामुळे इंजिन चाकांपासून सुटते आणि एक-दोन सेकंदांत ८०० वर येऊन बसते. गिअर दुसऱ्यात पडतो. गाडी अजून २५च्या वेगात असेल, तर गिअरबॉक्सला जोडलेली क्लच प्लेट १,८०० फेऱ्यांनी फिरत असते आणि तिच्यासमोर इंजिन ८०० वर असते. अशा वेळी पाय झटकन उचलला, की गाडीने स्वतःच्या धावेच्या जोरावर इंजिनाला एका क्षणात हजार फेरे वर ओढावे लागते. तो ओढण्याचा झटका म्हणजे सासूबाईंना बसणारा हिसका. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, याच झटक्याने पुढची चाके क्षणभर घसरूही शकतात. म्हणून याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहू नये.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. पहिला असा, की वेग कमी करण्याचे काम ब्रेककडे सोपवावे. तिसरा गिअर तसाच ठेवून, क्लचला हात न लावता म्हणण्यापेक्षा पाय न लावता, ब्रेकने वेग २० ते २५वर आणावा, आणि मगच क्लच दाबून दुसरा टाकावा. पुष्कळ नवशिक्यांचा क्रम नेमका उलटा असतो : गतिरोधक दिसला की पहिल्यांदा डावा पाय खाली जातो, गिअर पडतो, आणि गाडीला हिसका देऊन वेग उतरवला जातो. ब्रेकचे पॅड झिजले तर ते बदलणे सोपे आणि स्वस्त असते. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसरा उपाय पायाच्या सवयीचा आहे. गिअर पडल्यावर क्लच वर येताना जिथे ‘पकड’ लागते, म्हणजे बॉनेटखालचा आवाज किंचित बदलतो, तिथे पाय एक सेकंदभर थांबवावा आणि मग पूर्ण सोडावा. त्याच क्षणी उजव्या पायाने ॲक्सिलरेटर अगदी बोटाच्या दाबाएवढा दाबला, तर इंजिनाचे फेरे स्वतःहून वर येतात आणि गिअर बदललेला मागच्यांना कळतसुद्धा नाही. आरपीएमचा काटा असेल तर तो १,५०० ते १,८०० पर्यंत आला पाहिजे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता सरांचा सल्ला. एकेक गिअर उतरण्याची शिस्त जुन्या, कमजोर ब्रेकच्या काळातून आलेली आहे आणि शिकताना हाताला क्रम बसावा म्हणून ती उपयोगीही आहे. मात्र आजच्या गाडीत चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर येण्यात काहीच चूक नाही, फक्त गिअर टाकण्याच्या क्षणी गाडीचा वेग दुसऱ्याला साजेसा असायला हवा. सिग्नलला पूर्ण थांबायचेच असेल, तर मधले गिअर गाळावेत : तिसऱ्यातच ब्रेक दाबत यावे, वेग १५च्या आसपास येऊन इंजिन थरथरू लागण्याच्या बेतात आले की क्लच दाबावा, थांबावे, आणि थांबल्यावर पहिला टाकावा.

यजमानांच्या सल्ल्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. क्लच दाबून धरलेली गाडी इंजिनापासून सुटलेली असते. समोर अचानक मूल आले आणि बाजूला काढण्यासाठी जोर लागला, तर तो जोर आपल्या हाती नसतो. उतार असेल तर वेग आपोआप वाढतो. आणि पाय सतत दाबलेला राहिल्याने क्लच उघडताना दाब झेलणारे रिलीज बेअरिंग विनाकारण झिजते. असे केल्याने पेट्रोल वाचते हा अनेकांचा समजही खरा नाही. इंजेक्शन असलेल्या आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, आणि फेरे आयडलिंगपेक्षा पुरेसे वर असले, तर संगणक इंजिनाचा इंधनपुरवठाच बंद करतो. क्लच दाबल्यावर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी त्याला पेट्रोल द्यावेच लागते.

राहिला शीर्षकातला प्रश्न. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, असा पसरट सांगितला आहे, आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा अशी अपेक्षा आहे. तसा गतिरोधक असेल तर दुसरा गिअर अगदी योग्य. पण आपल्या गावांत आणि सोसायट्यांच्या दारांत जे उभट, अरुंद उंचवटे घातलेले असतात, त्यांवरून गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता, आपली गाडी ताशी ११ किलोमीटरच्या आसपास चालते. त्याहून हळू जायचे असेल तर दुसरा गिअर अपुरा पडतो, इंजिन धापा टाकते, आणि मग चालक हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, वेळ मारून नेतो. तिथे निःसंकोचपणे पहिला टाकावा. ‘पहिला फक्त गाडी उचलायला’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुजले आहे की चांगले अनुभवी चालकही ताशी ६ किलोमीटर वेगात दुसरा ओढत बसतात, आणि त्याची किंमत क्लच प्लेट मोजते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून चिपळूणहून कराडला मुलीकडे नेहमी जातो. कुंभार्ली घाटात भरलेल्या ट्रकच्या मागे लागलो की दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम तोडते. पहिला टाकायला जावे तर गिअरचा दांडा अडतो, कधी करकर आवाज येतो. गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे का?

उत्तर : सर, गाडी उभी असताना पहिला सहज पडत असेल आणि फक्त चालत्या गाडीतच दांडा अडत असेल, तर बिघाडापेक्षा वेगाचा प्रश्न असण्याची शक्यता अधिक आहे. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरजवळ पितळी सिंक्रो रिंग असते. गिअरचे दात एकमेकांत जाण्याआधी ही रिंग शंकूसारख्या भागावर घासून दोन्हींची गती सारखी करते, आणि गती जुळेपर्यंत दांडा पुढे जाऊ देत नाही. आपल्या हाताला जो अडसर जाणवतो तो तिचाच. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना तिला क्लच प्लेटची गती साधारण दीडपट करावी लागते. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना जवळजवळ दुप्पट. वेग २० असेल तर १,४३० वरून २,६४० पर्यंत, म्हणजे १,२०० फेऱ्यांची उडी. वेग १० असेल तर तीच उडी ६०० फेऱ्यांची होते. म्हणून पहिल्याला हळू वेग आणि थोडा धीर, दोन्ही हवेत. दांड्यावर तळहाताचा हलका, सलग दाब ठेवावा. रिंगचे काम झाले की दांडा आपसूक आत जातो. हिसडा मारला तर रिंग झिजते, आणि झिजलेली रिंग मग खरोखरच करकर करते.

चढावर आणखी एक अडचण असते : क्लच दाबताच गाडीचा वेग झपाट्याने पडतो, त्यामुळे रेंगाळायला वाव नसतो. यावर जुन्या ट्रक आणि एस.टी. चालकांची डबल क्लचची रीत आजही कामाला येते. सिंक्रो रिंगची योजना मोटारीत १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने आणली, पण अवजड वाहनांत आणि अनेक जुन्या मोटारींच्या पहिल्या गिअरला ती पुढेही बराच काळ नसे. तेव्हा गती जुळवण्याचे काम चालकालाच करावे लागे. क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक छोटा ठोका देऊन इंजिन २,००० च्या आसपास न्यायचे, आणि लगेच पुन्हा क्लच दाबून पहिला टाकायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सुटल्यामुळे इंजिन स्वतःच गिअरबॉक्सच्या शाफ्टला गती देते आणि रिंगला करण्यासारखे फारसे उरत नाही. वाचताना हे लांबलचक वाटते, हातापायांना बसल्यावर दीड सेकंदाचे काम आहे. घाटात प्रथमच करून पाहू नये; सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर १० ते १२च्या वेगात आठ-दहा वेळा सराव करावा.

दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाला ठोके देत चढवणे मात्र आजपासून थांबवावे. कमी फेऱ्यांवर पूर्ण भार पडला की पेट्रोल अवेळी पेटते, तोच तो ठकठक आवाज, आणि त्याचा मार पिस्टनवर व बेअरिंगवर बसतो. पहिल्यात इंजिन मोठ्याने ओरडते म्हणून जीव कळवळतो हे मी समजू शकतो, पण २,५०० किंवा ३,००० फेऱ्यांचा तो आवाज इंजिनाला मुळीच जड नसतो. ट्रकच्या मागे दोन-तीन गाड्यांचे अंतर सोडावे, म्हणजे वळणावर तो जवळजवळ थांबला तरी आपल्याला पहिल्यात संथपणे चालत राहता येते. थांबावेच लागले, तर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नये. हँडब्रेक ओढावा, आणि निघताना पकड लागल्यावर तो सोडावा. परतीच्या प्रवासात घाट उतरताना ज्या टप्प्यावर चढताना दुसरा लागला होता, तिथे दुसराच ठेवावा.

प्रश्न : माझी डिझेल गाडी नांदेड शहरातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता आपोआप चालते. मग पहिला टाकण्याची गरजच काय?

उत्तर : डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांवर अधिक ओढ असते, आणि फेरे आयडलिंगच्या खाली जाऊ लागले की संगणक इंधन वाढवून ते सावरतो, म्हणून आपली गाडी पेट्रोल गाडीपेक्षा अधिक हळू दुसऱ्यात चालू शकते. ती गुळगुळीत चालत असेल तोवर चालू द्यावी. दांड्यातून किंवा फरशीतून थरथर जाणवू लागली, की मात्र तसेच दुसऱ्यात रेटू नये; कित्येक डिझेल गाड्यांत ही थरथर शोषण्यासाठी दुहेरी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेले दोन भागांचे जड चाक, बसवलेले असते आणि ते बदलण्याचा खर्च क्लच प्लेटपेक्षाही मोठा असतो. थरथर सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटर दाबून ती झाकण्याऐवजी क्लच दाबावा, पहिला टाकावा, आणि डावा पाय क्लचवरून काढून बाजूच्या जागेवर ठेवावा.