संवाद नीट म्हणता येतात, पण दिग्दर्शक म्हणतात शरीर बोलत नाही. हातांचं काय करायचं तेच कळत नाही. नृत्य शिकू का?

हातांचा विचार सध्या बाजूला ठेवा. तालमीत ज्यांचे हात अवघडलेले दिसतात, त्यांच्या पायांकडे बघा. वजन सारखं या पायावरून त्या पायावर जात असतं, गुडघे ताठ असतात आणि तोल गेला की हात आधार शोधतात. मग खिसा, सदऱ्याचं टोक, केस, जे सापडेल ते. पाय जमिनीवर नीट रुजले की हात निम्मे तरी गप्प बसतात. तादाशी सुझुकी या जपानी दिग्दर्शकांच्या पद्धतीत पायांना एवढं महत्त्व आहे ते उगाच नाही. जोरात पाय आपटत चालायचं आणि त्या दणक्याने कमरेवरचा भाग जराही हलू द्यायचा नाही. (हे व्हिडिओ बघून घरच्या फरशीवर करू नका, गुडघे आयुष्यभर लागतात.)

नृत्य आधीपासून शिकत असाल तर सोडू नका. तोल, लय, दम सगळं मिळतं. पण फक्त या अडचणीसाठी क्लास लावणार असाल तर माझं मत नाही असं आहे. नृत्य शरीराला देखणी सवय लावतं, आणि तुमची अडचण सवयीचीच आहे. थकलेला कारकून खुर्चीत बसतो तेव्हा तो डौलदार दिसून कसं चालेल?

म्हणून आधी स्वतःच्या सवयी ओळखा. फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. तिथे विद्यार्थ्यांना चेहऱ्यावर कसलाच भाव नसलेला, चामड्याचा मुखवटा घालून काम करायला लावत. चेहरा झाकला की भुवया उडवून वेळ मारून नेता येत नाही. एक खांदा वर असणं, पोट पुढे काढून चालणं, दर वळणाला आधी मान फिरणं, सगळं उघडं पडतं. तुमच्याकडे मुखवटा नसेल, मोबाइल तर आहे. तुमचं एखादं स्वगत चित्रित करा आणि आवाज बंद करून बघा. बऱ्याच जणांची हनुवटी प्रत्येक जोर दिलेल्या शब्दाला पुढे येते. बोलताना हे कळतच नाही. एफ. एम. अलेक्झांडर या ऑस्ट्रेलियन नटाचा आवाज प्रयोगात बसायचा आणि डॉक्टरांकडे इलाज नव्हता. शेवटी त्याने आरसे लावून स्वतःला बोलताना पाहिलं. तोंड उघडायच्या आधीच तो डोकं मागे आणि खाली ओढत होता. अलेक्झांडर पद्धत म्हणून आज जे शिकवतात, त्याचं मूळ हे निरीक्षण.

सवयी दिसू लागल्या की मग हालचालींचे अभ्यासक लाबान यांची पद्धत. माझ्या मते शब्दांवर हुकूमत असलेल्या नटाला सगळ्यात लवकर उपयोगी पडतं ते हेच. रुडॉल्फ लाबान यांनी नर्तकांइतकाच कारखान्यातल्या कामगारांच्या हालचालींचाही अभ्यास केला होता. कुठल्याही हालचालीत ते वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह बघत. पहिल्या तिघांच्या जुळणीतून त्यांनी आठ मूळ क्रिया काढल्या: दाबणं, ठोसा मारणं, पिळणं, सपकन फटकारणं, टिचकीसारखं झटकणं, अलगद टिपणं, सरकणं आणि तरंगणं. यादी पाठ करण्यात अर्थ नाही, एक करून बघा. दोन्ही तळवे भिंतीला लावा, भिंत खरोखर ढकलायची आहे अशी ताकद लावा आणि म्हणा, ‘मला वाटलं, तू येणार नाहीस.’ आवाज खाली पोटात उतरेल, शब्द एकेक करून बाहेर येतील. आता बाहीवरची धूळ झटकत तेच वाक्य म्हणा. तीच तक्रार आता टोमणा होते. तिसऱ्यांदा भिंतीपासून दूर या, हात मोकळे सोडा आणि ते ढकलणं फक्त आत चालू ठेवून बोला. हातांना वेगळं काम द्यावं लागणार नाही. कॅमेऱ्यासमोर काम करणार असाल तर ही तिसरी पायरीच मुख्य.

रशियन दिग्दर्शक मेयरहोल्ड यांची एक गोष्टही तालमीत लगेच वापरता येते. १९२० च्या दशकात त्यांनी नटांसाठी दगड फेकणं, बाण सोडणं असे व्यायाम बसवले. त्यात प्रत्येक क्रियेच्या आधी उलट दिशेची छोटी क्रिया असते. फेकण्याआधी हात मागे जातोच, पण त्यांनी हे सगळ्याच हालचालींना लावलं. टेबलावरचं पत्र उचलायचं आहे? आधी बोटभर मागे या, मग हात पुढे न्या. प्रेक्षकाची नजर पत्रावर आधी पोचते. मात्र प्रत्येक वाक्याला हे केलंत तर बाहुली दिसाल.

एका शनिवार-रविवारात पाच पद्धती ‘करून देणाऱ्या’ शिबिरांपासून लांब राहा. दिवसभर झाड व्हा, वारा व्हा, आणि सोमवारी तुमचे हात परत खिशात. दुखतंय म्हणून थांबलेल्याला ‘समर्पण कमी पडतंय’ म्हणणारा किंवा न विचारता अंगाला हात लावून शरीर वळवणारा शिक्षक असेल तर पैसे गेले तरी चालतील, उठून या. प्रवेश घेण्याआधी एकच विचारा: या कामात संहिता कधी येते? नुसता घाम गाळायचा असेल तर व्यायामशाळा आहेच. तुम्हाला असा वर्ग हवा, जिथे थोड्याच दिवसांत हालचालीसोबत एखादं वाक्य बोलायला लावतात, मग हालचाल काढून घेतात आणि वाक्यात काय उरलं ते सगळ्यांसमोर बघतात.