नवजात बाळासाठी पलंगाला लागून ठेवायची कॉट कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की बाळ यायला अजून दोन महिने आहेत, पलंगाला जोडून ठेवायची बेडसाइड कॉट घ्यायची आहे, पण प्रकार इतके की काय बघून घ्यावी ते कळत नाही. शिवाय घरात चर्चा चाललीय की पाच-सहा महिन्यांसाठी एवढा खर्च करावा का. मी दोन बाळंतपणांत दोन वेगवेगळ्या कॉट वापरल्या. पहिली घेताना माझी मोठी चूक झाली होती, ती तुमची होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉट बघायला सुरुवात करण्याआधी स्वतःचा पलंग मोजा. मी नेमकं हेच केलं नव्हतं. कॉटचा रंग, जाळी, चाकं, खालचा कप्पा, सगळं निरखून पाहिलं आणि ती जिथे लागणार त्या पलंगाला टेपच लावला नाही.

आमच्या पलंगाला लाकडी चौकट आहे आणि गादी त्या चौकटीच्या आत बसते. म्हणजे गादी संपल्यावर सगळ्या बाजूंनी चार बोटं लाकूड बाहेर येतं. कॉट घरी आली, नवऱ्याने पट्टे आवळून ती पलंगाला घट्ट बांधली, हलवून पाहिली तर जराही हलेना. आम्ही खूश. दुसऱ्या रात्री अंधारात बाळाचं सरकलेलं दुपटं चाचपायला मी हात लांब केला, तर तो कॉट आणि आमची गादी यांच्या मधल्या खाचेत मनगटापर्यंत खाली गेला. कॉट टेकली होती ती लाकडाला. गादीपासून ती चार बोटं लांबच होती आणि कितीही पट्टे आवळले तरी लांबच राहणार होती. मी तशीच उठून बसले आणि दिवा लावला. ती खाच आजही डोळ्यांसमोर आहे.

त्या फटीची एवढी भीती का बाळगायची? नवजात बाळाला मान उचलता येत नाही. तोंड गादीच्या कडेला दाबलं गेलं तर डोकं बाजूला वळवून नाक मोकळं करण्याइतकी ताकद त्याच्या मानेत नसते. रडायलाही श्वास लागतो, त्यामुळे आपल्याला आवाजही येत नाही. म्हणून कॉट आणि तुमची गादी यांत फट अजिबात चालत नाही. उशी किंवा चादरीची वळकटी खुपसून फट बुजवायची हा उपाय कुणीतरी नक्की सुचवेल. तो करू नका. वळकटी रात्रीत सरकते, फट पुन्हा उघडते आणि बाळाच्या तोंडाशी एक मऊ कापड येऊन पडतं ते वेगळंच.

आम्ही मग त्या कॉटची बाजू पूर्ण वर केली, पट्टे काढले आणि ती पलंगापासून दोन फूट लांब, स्वतंत्र पाळण्यासारखी वापरली. बाळ सुरक्षित होतं, पण ज्या सोयीसाठी कॉट आणली ती सोय गेली.

तेव्हा टेप घेऊन तीन गोष्टी बघा. एक, गादी चौकटीच्या आत बसते की काठापर्यंत येते. दोन, पलंगाखाली जागा आहे की सामान ठेवायच्या खणांमुळे तो जमिनीपर्यंत बंद आहे. बऱ्याच कॉटचे पाय पलंगाखाली सरकतात, बंद पलंगाला ते अडतात आणि कॉट बाहेरच राहते. काहींचे पाय दुमडता किंवा आत घेता येतात, तशी बघावी लागेल. तीन, जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. ही दोनदा मोजा, गादी रिकामी असताना आणि कडेला कुणी झोपलेलं असताना. जाड, मऊ गादी माणसाच्या वजनाने बरीच दबते. आता कॉटच्या माहितीपत्रकातली किमान आणि कमाल उंची तुमच्या मापाशी ताडून बघा. सगळ्या पलंगांना चालते असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी मोजाच.

उंची कशाला जुळवायची, यात पुष्कळांचा घोळ होतो. आपली गादी आणि बाळाची गादी एका पातळीत, मध्ये काहीच नाही, असं चित्र जाहिरातींत फार दिसतं आणि दिसायला गोडही दिसतं. युरोपचं जे मानक आहे, ईएन ११३०, त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत वेगळं सांगितलंय: आईच्या बाजूचा कठडा खाली केला तरी बाळाच्या गादीच्या वर किमान १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर, उरला पाहिजे. त्यामुळे आपली गादी त्या कठड्याच्या वरच्या काठाशी जुळवायची आणि बाळ त्याच्या खाली, स्वतःच्या जागेत. या अर्ध्या कठड्यामुळे बाळ सरकत आपल्या गादीवर येत नाही, आणि आपलं पांघरूण किंवा झोपेत पडलेला हातही सहजी त्याच्यापर्यंत जात नाही. मला आधी वाटलं होतं की मध्ये कठडा आला म्हणजे जवळीक गेली. तसं काही होत नाही. झोपल्या झोपल्या हात वरून टाकून बाळाच्या पोटावर ठेवता येतो, त्याचा श्वास तळव्याला लागतो. दुसऱ्या वेळी मी अर्धा कठडा असलेलीच घेतली आणि तुम्हालाही तीच सांगेन. पूर्ण उघड्या बाजूची कॉट कितीही छान दिसली तरी घेऊ नका.

लेबलवर ईएन ११३० दिसलं तर त्यापुढचं २०१९ हे सालही बघा. अमेरिकेत बेडसाइड स्लीपरसाठी एएसटीएम एफ २९०६ हे मानक आहे. कुठल्याच मानकाचा उल्लेख नसलेली, वापराची लेखी माहिती सोबत नसलेली कॉट मी घरात आणणार नाही.

पट्ट्यांबद्दल. नुसते पलंगाच्या पायाला गुंडाळायचे पट्टे सैल पडतात. आपण रोज कडेवर बसतो-उठतो, गादी जराजरा सरकते आणि आठवड्याभरात बोटभर फट तयार होते. माझ्या दुसऱ्या कॉटचे पट्टे गादीखालून पलीकडच्या चौकटीपर्यंत जात होते आणि बकलाने ओढून आवळता येत होते. हा प्रकार चांगला. तरीही मी रोज रात्री बाळाला ठेवण्याआधी दोन गोष्टी करायचे: पलंगावर बसून गुडघ्याने कॉट बाहेर ढकलून बघायची, आणि सांध्यावरून बोटं फिरवायची. दहा सेकंद लागतात.

आता गादी. ही तुम्हाला घट्ट लागणार आणि घरातलं कुणीतरी त्यावर बोलणार. आमच्या सासूबाईंनी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर फळीसारखी आहे. एवढ्याशा जिवाला टोचेल. खाली एक गोधडी घाल." त्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, "आई, तिला टोचत नाही, तिचं वजनच केवढंसं. पण मऊ गादीत तोंड रुतलं तर तिला ते बाहेर काढता येणार नाही." मग आम्ही दोघींनी मिळून गोधडीची घडी मोजली. चार सेंटिमीटर भरली. म्हणजे बाळ चार सेंटिमीटर वर आलं आणि बाराचा कठडा आठचा झाला. ते बघितल्यावर त्यांनी स्वतःच गोधडी काढून ठेवली. कॉटसोबत येते तीच गादी वापरायची, तिच्यावर घट्ट बसणारी एकच चादर. तळहाताने दाबून हात उचलला की गादी लगेच सपाट झाली पाहिजे, हाताचा ठसा राहता कामा नये. आणि गादी व बाजू यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर ती गादी त्या कॉटची नव्हे.

कॉटमध्ये बाळाशिवाय काही नको. उशी, लोड, बाजूंना बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, मऊ खेळणी, सगळं बाहेर. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून अशा गुबगुबीत पट्ट्या आणि १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची साधनं, दोन्हींवर बंदी घातली गेली. हे मुद्दाम सांगते, कारण काही कॉटना एक बाजू उचलायची सोय असते आणि बाळ दूध बाहेर टाकतं त्यासाठी ती उपयोगी म्हणून विकली जाते. उतारावर बाळ खाली घसरतं आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दुमडल्यासारखी होते. उताणं ठेवलं तर दूध घशात अडकेल अशी भीती असते, पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात शिरायला चढावं लागतं. बाळाला खरंच दूध फार बाहेर टाकायचा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा, कॉटचं बटण दाबून तो सुटत नाही.

उताणं झोपवण्याच्या मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर दोन्हीकडे झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तेव्हा कॉट कितीही चांगली असो, बाळ सपाट आणि उताणं, हे आधी.

बाकीचं पटकन सांगते. बाजूंना जाळी असावी, म्हणजे पडल्या पडल्या बाळ दिसतं. "या कापडातून श्वास घेता येतो" या दाव्यावर मात्र विसंबू नका. चाकं असतील तर कुलूप लागणारी. झुलायची सोय असेल तर पलंगाला जोडल्यावर ती पक्की बंद होते का ते बघा. खालचा कप्पा उपयोगी आहे, रात्री लंगोट हाताशी राहतात. पडद्याच्या दोऱ्या कॉटपासून लांब. श्वास मोजणारी यंत्रं जोडलेल्या महागड्या कॉटसाठी जास्तीचे पैसे घालू नका, त्यांच्यामुळे असे मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही.

खर्चाचा तुमच्या घरातला प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की निदान पहिले ६ महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं. खोली तीच आणि जागा वेगळी, एवढंच त्यात आहे. पलंगाला चिकटलेली कॉट असावी असं काही नाही. पलंगाशेजारी ठेवलेल्या साध्या, चार बाजू पक्क्या असलेल्या कॉटनेही ते साधतं, आणि ती पुढे दोन-अडीच वर्षं चालते. बेडसाइड कॉट मात्र बाळ हातापायांवर उठायला किंवा कुशीवर वळायला लागलं की लगेच बंद करायची, वजनाची मर्यादा, बहुतेक ठिकाणी ९ किलो, गाठली नसली तरी. माझी धाकटी साडेचार महिन्यांत वळली आणि त्याच दिवशी कॉट आवरून ठेवली.

मग मी दुसऱ्यांदा का घेतली? सिझेरियन झालं होतं. टाके ओले असताना रात्री दोन-दोन तासांनी उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, वाकून बाळ उचलायचं, हे किती अवघड होतं ते मला पहिल्या वेळेपासून ठाऊक होतं. कठड्यावरून बाळ जवळ घ्यायचं, पाजायचं, परत ठेवायचं, यात कमरेतून वाकणं नाही. तेवढ्यासाठी मला ते पैसे वसूल वाटले. तुमची पाठ, टाके, गुडघे यांपैकी कशाची चिंता नसेल तर साधी कॉट घ्या, बाळासाठी काही कमी केलं असं मनात आणू नका.

पाजताना डोळा लागेल अशी धास्ती असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. झोप लागणारच असेल तर उशा-पांघरुणं बाजूला केलेला पलंग त्यापेक्षा बरा. जाग आली की लगेच बाळ परत कॉटमध्ये.

कुणी वापरलेली देत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण पट्टे, बकलं, मूळ गादी आणि माहितीपत्रक सगळं आहे ना ते बघा. एखादा स्क्रू किंवा पट्टा हरवला असेल तर जुगाड करून वापरू नका. कंपनीने ते मॉडेल परत मागवलं नव्हतं ना, तेही शोधा.

कॉट आली की तारखेच्या दोन आठवडे आधी जोडून ठेवा आणि एकदा दिवा मालवून सराव करा. चार-पाच किलो पुस्तकं पिशवीत भरून कॉटमध्ये ठेवा, कडेवर झोपा आणि एका हाताने बाजू खाली-वर होते का ते बघा. माझ्या पहिल्या कॉटची चेन दोन्ही हातांशिवाय लागायचीच नाही.

तुमच्या पलंगाची चौकट गादीबाहेर किती येते आणि गादीची उंची किती, ही दोन मापं इथेच प्रतिसादात लिहा. त्यावरून जोडायची कॉट बसेल की नाही ते मी सांगू शकेन.