ताज 'उलटे' बांधले? तो परिच्छेद काढाच

स्मरणिकेच्या लेखातला 'मुंबईचे ताज हॉटेल चुकून उलटे बांधले गेले, मग आर्किटेक्टने जीव दिला' हा परिच्छेद संपादकांनी खोडला म्हणून चिडलात, पण वाचलात बघा. माझा असाच परिच्छेद छापून आला होता. शुद्धिपत्र कोण वाचतं?

गोष्टीतला आर्किटेक्ट बहुतेक वेळा गोरा साहेब असतो. मूळ आराखडा मात्र सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने. मग मूळ दार समुद्राकडे न ठेवता मागे कसं? हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 ला. समोरच्या गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन 1924 चं. घोडागाड्या शहराकडून यायच्या, म्हणून दार पश्चिमेला होतं. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. आपण गेटवेपाशी उभं राहून बघतो, म्हणून समुद्राकडची बाजू पुढची वाटते, एवढंच.

फोटो निवडताना हेच लक्षात ठेवा. गेटवेची कमान दिसत असेल तर खाली '1903' लिहू नका. शेजारी उंच टॉवर असेल तर फोटो 1970 च्या दशकाच्या आधीचा नाही. पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं इस्पितळ होतं, ते घ्या. कोणी घेत नाही.

ताज उभारणाऱ्या जमशेटजी टाटांना मुंबईतल्याच वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला, ही कथा 'असं सांगतात' म्हणूनच लिहा. ठोस पुरावा नाही. वॉटसनबद्दल पक्कं हवं असेल तर ओतीव लोखंडाचा सांगाडा आणि 7 जुलै 1896 चा ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ आहेच की.

मुंबईत जुने कागद बघायला जाणार असाल तर कॉलेजचं पत्र जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासह न्या. एका कार्यालयाने (नाव नको) आधी नुसतं पत्र मागितलं, ते नेल्यावर शिक्का, शिक्का नेल्यावर 'संबंधित साहेब रजेवर'. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या दोन फेऱ्या पाण्यात! निघण्याआधी फोन करून साहेब जागेवर आहेत का ते विचारा.

मुखपृष्ठावर ताज टाकणार असाल तर थांबा. 2017 मध्ये इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क नोंदवला गेलाय. विक्री नसलेल्या स्मरणिकेला बहुधा अडचण येऊ नये, पण मी वकील नाही. त्यापेक्षा आपल्या सोलापूरची इंद्रभुवन इमारत छापा.