विंडोज 11 वरून 10 वर आल्यानंतर वाय-फाय आणि आवाज बंद. ड्रायव्हर कसे शोधावेत?

लातूरहून आपण विचारले आहे की लॅपटॉपवर विंडोज 10 पुन्हा टाकल्यापासून वाय-फाय व आवाज दोन्ही बंद आहेत. प्रथम अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणारी सोय) चालू करावे. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर (विंडोजला एखादे उपकरण चालवू देणारे सॉफ्टवेअर) लागत नाही, आणि इंटरनेट मिळताच विंडोज अपडेटमधील ऐच्छिक अपडेट तपासता येतात. परभणीत माझ्या लॅपटॉपचे वाय-फाय एवढ्यावरच सुरू झाले होते.

तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील उपकरणांच्या यादीत) पिवळे चिन्ह राहिल्यास त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडून हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातील ‘व्हीईएन’ (VEN) नंतरची चार अक्षरे उत्पादक सांगतात (8086 म्हणजे इंटेल, 1002 म्हणजे एएमडी) आणि ‘डीईव्ही’ (DEV) नंतरची नेमकी चिप सांगतात. हा आयडी हाती असला की अंदाजाने दहा फायली उतरवाव्या लागत नाहीत.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक देऊन घ्यावा आणि चिपसेटचा (मदरबोर्डवरील मुख्य चिपांचा) आधी टाकावा. तेथे विंडोज 10 चा नसल्यास 11 चा अनेकदा चालतो. आपोआप ड्रायव्हर शोधून देणारी अनोळखी सॉफ्टवेअर मात्र कृपया टाळावीत, कारण त्यांतून नको ते प्रोग्रामही शिरतात.