पाळी चुकली, टेस्ट कधी करायची?

या महिन्याची निम्मी पत्रं एकाच विषयाची आहेत: दिवस राहिलेत की नाहीत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं. त्यांतली पाच इथं घेतली आहेत.

पाळीला अजून चार दिवस आहेत. छाती जड वाटते, सारखी झोप येते. परवा बांगडे तळताना वासानंच मळमळलं. दिवस राहिले असतील का? (डिचोली)

या लक्षणांवरून सांगता येणार नाही. पाळीआधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. स्तन दुखतात, पोट फुगतं, गळून गेल्यासारखं होतं, ते त्यामुळेच. दिवस राहिले तर तेच हार्मोन चढतं राहतं, म्हणून सुरुवातीला दोन्हींत काहीच फरक जाणवत नाही. मळमळ बहुतेकींना पाळी चुकून एक-दोन आठवडे उलटल्यावर सुरू होते. तेव्हा तुमची आताची मळमळ पित्ताची असण्याचीच शक्यता जास्त.

एक मात्र लक्षात ठेवा. काही जणींना पाळीच्या तारखेच्या सुमारास दिवसभर गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो आणि त्या त्यालाच पाळी समजतात. नेहमीपेक्षा अगदीच कमी गेलं, तर पाळी आली असं धरून चालू नका, टेस्ट करा.

सकाळी कार्डवर एकच रेघ होती. दुपारी पुन्हा बघितलं तर दुसरी पुसट रेघ दिसली. नक्की काय समजायचं? (फोंडा)

दुपारची रेघ धरायची नाही. ती का उमटते हे कळायला कार्डचं काम समजून घ्यावं लागेल.

गर्भ गर्भाशयात रुजला की एचसीजी नावाचं हार्मोन तयार होऊ लागतं आणि सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं. कार्डच्या पट्टीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं (ठरावीक पदार्थालाच धरणारी प्रथिनं) असतात. लघवी पट्टीतून पुढे सरकताना ती एचसीजीला धरतात. ही जोडी कार्डवरच्या 'टी' (टेस्ट) या खुणेपाशी अडकते आणि कणांच्या रंगाची रेघ उमटते. शेजारच्या 'सी' (कंट्रोल) खुणेची रेघ हार्मोन असो-नसो, उमटायलाच हवी. लघवी शेवटपर्यंत पोचली एवढंच ती सांगते. 'सी' उमटली नाही तर कार्ड वाया गेलं, 'टी' दिसली तरीही.

पट्टी वाळताना 'टी'च्या जागी कधी करडी, रंगहीन छटा राहते. तुमची दुपारची रेघ बहुधा तीच. पाच मिनिटांच्या आसपास, पाकिटावर दिलेल्या वेळेतच निकाल बघायचा. दहा मिनिटांनंतर कार्ड टाकून द्यायचं, कचऱ्यातून परत काढायचं नाही. याउलट वेळेत आलेली गुलाबी रेघ कितीही फिकट असली तरी ती 'आहे'च. दोन दिवसांनी नवं कार्ड वापरलं की ती सहसा गडद दिसते. आधी उमटलेली रेघ पुढच्या वेळी नाहीशी झाली आणि पाळी आली, तर गर्भ रुजून लगेच गळालेला असू शकतो.

करण्याची पद्धत साधी आहे, पण घाईत चुका होतात. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या कपात घ्या. साबणाचा अंश नको. कार्ड सपाट जागी ठेवा, ड्रॉपर उभा धरून 'एस' (सॅम्पल) लिहिलेल्या खाचेत दोन-तीन थेंब सोडा. पाकिटावर जितके लिहिलेत तितकेच. रेघांच्या खिडकीवर थेंब पडू देऊ नका. रात्री तांब्याभर पाणी पिऊन झोपलात तर लघवी पातळ होऊन रेघ चुकू शकते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पाकीट आधी फोडून ठेवलेलं कार्ड बिघडतं. ते वापरायच्या वेळीच उघडा. त्यातली छोटी पुडी ओल शोषायला असते, तिचं टेस्टमध्ये काही काम नाही.

पाळी कधी तीस दिवसांनी, कधी पन्नास. नवरा बोटीवर असतो, गेल्या महिन्यात सुट्टी संपवून गेला. टेस्टचा दिवस कसा ठरवू? (पेडणे)

पाळीची तारीख सोडा. शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजा. त्यानंतर केलेल्या टेस्टवर बऱ्यापैकी विसंबता येतं. तुम्हाला सुट्टीची शेवटची तारीख पक्की ठाऊक आहे, हा फायदाच. पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनचा विकार), थायरॉइडचा त्रास, अंगावर पाजणं, 'आय-पिल'सारखी तातडीची गोळी या सगळ्यांत पाळी पुढे-मागे होते. तेव्हाही हाच हिशेब धरा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा अँटिबायोटिकनं कार्डचा निकाल बदलत नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर मात्र दोन आठवडे खोटी रेघ येऊ शकते.

साखर, मीठ, टूथपेस्ट घालूनही कळतं म्हणतात. खरं? (वाळपई)

नाही. फेस येतो तो लघवीच्या आम्लतेमुळे, आणि ती पुरुषाच्या लघवीतही असते.

टेस्ट 'आहे' आली. आता उजव्या बाजूला ओटीपोटात दुखतं, थोडं रक्तही जातं. थांबू का? (म्हापसा)

थांबू नका, आजच दाखवा. गर्भ गर्भाशयात आहे की बीजवाहक नळीत, हे कार्ड सांगू शकत नाही. नळीत वाढणारा गर्भ नळी फोडू शकतो आणि पोटात रक्तस्राव होतो. एका बाजूला दुखणं, डाग, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं ही त्याची खूण. दरदरून घाम आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर १०८ला फोन करा. तुम्हाला म्हापशाचं जिल्हा इस्पितळ जवळ आहे, तिथून गरज पडल्यास बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात पाठवतात. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आणि टेस्ट केल्याची तारीख कागदावर लिहून न्या. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून निघण्यापूर्वी काही खाऊ-पिऊ नका.

दुखत नसेल, सगळं ठीक असेल, तरी नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच करायची आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड रोज सुरू करायचं. सोनोग्राफीची घाई करू नका. पाळी चुकून दोन-तीन आठवडे व्हायच्या आत केली तर बहुतेकदा ठोके दिसत नाहीत आणि विनाकारण जीव टांगणीला लागतो. दुखत असताना मात्र हा नियम लागू नाही.